राजा कुणाला सोडत नाही

“मॅडम, राजा झोपला वाटते,” प्रफुल्ल म्हणाला.

मी उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर हाताने रंगवलेला दरबार होता, सिंहासनावर झुपकेदार मिशांचा राजा होता आणि खाली प्रफुल्लने टाइप केलेलं वाक्य तसंच लोंबकळत पडलं होतं. सकाळभर तोंडाचा पट्टा चालू असलेला हा राजा जेवणाच्या सुट्टीनंतर चिडीचूप झाला होता. आदल्या दिवशीही असंच झालं होतं.

“कॉम्प्युटरमधला राजा झोपतो कसा?” मी विचारलं.

“तेच तर म्हणतो मी. चहाच्या वेळेला बरोबर उठते मंग.”

मला तिथेच शंका आली. खरं म्हणजे मला शंका येण्यासाठी फारसं काही लागत नाही. माहेरी मला मृणाल कमी आणि फौजदार जास्त म्हणायचे. भाजीवाल्याने काट्यावर हात ठेवला की माझा हात आधी त्याच्या हातावर जातो. पुण्यातल्या ‘गंमतघर’ने मला नोकरीला ठेवलं तेच या स्वभावामुळे. घरी बसून दोघाचौघांनी बनवलेले छोटे छोटे खेळ आम्ही आमच्या साइटवर ठेवायचो आणि लोक ते उतरवून घ्यायचे. मी यायच्या आधी फुगे फोडायच्या एका खेळाने लोकांच्या फोनमधले सगळे नंबर पळवले होते. आमचे मालक लेले यांच्या सासूबाईंना लॉटरी लागल्याचे निरोप जायला लागले, तेव्हा कुठे लेल्यांना जाग आली. मग मी आले आणि मी नियम घातले.

नियम साधेच होते. खेळाने जे करतो म्हणून सांगितलं आहे तेवढंच करावं, गुपचूप दुसरं काही करू नये. तो दुसऱ्याचा चोरलेला नसावा. त्याला शेवट असावा आणि तो शेवट साध्या माणसाला गाठता यावा. लोक माझ्याशी हुज्जत घालायचे. म्हणायचे, मॅडम, आम्ही दोघंच आहोत, घरच्या घरी केलंय, थोडं सांभाळून घ्या. मी म्हणायचे, छोट्या डब्यातलं श्रीखंड आंबलेलं असलं तर चालतं का तुम्हाला? छोटा आहे म्हणून सूट नाही. मग ते खेळ दुरुस्त करून आणायचे, आणि मला ते आवडायचं.

‘दरबार’ नावाचा हा खेळ कुडाळजवळच्या एका गावातून प्रणिता पालव नावाच्या मुलीने पाठवला होता. गोष्ट एवढीच, की तुमच्या भावाने राजाच्या तळ्यातले मासे मारले, म्हणून राजाने त्याला कोठडीत टाकलंय. तुम्ही राजापुढे उभं राहायचं, जे सुचेल ते टाइप करायचं आणि भावाला सोडवायचं. राजा उत्तर देतो. आज यंत्र बोलतं याचं कुणाला काही वाटत नाही, पण मी सांगतेय तो काळ वेगळा होता. तेव्हा खेळातली पात्रं तीन ठरलेली वाक्यं फिरवून फिरवून बोलायची. हा राजा मात्र एकदा बोललेलं परत बोलायचा नाही.

पहिल्याच दिवशी मी त्याला मुद्दाम डिवचलं होतं. लिहिलं, “सांगून ठेवते, तुझं राज्य खड्ड्यात गेलंय.”

जरा वेळाने उत्तर आलं, “खड्डे आहेत खरे. रस्त्याचं काम तुझ्या भावाकडेच होतं.”

प्रफुल्ल खो खो हसला. मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून तेच वाक्य पुन्हा लिहिलं. राजा म्हणाला, “काल दम देऊन गेलेली बाई ती तूच ना? आज काहीतरी नवीन आण.”

याने मला ओळखलं होतं. पण यंत्र दुसरं होतं आणि नावही दुसरं होतं.

लेले मात्र खेळावर बेहद्द खूश होते. दिवाळीत आम्ही निवडक खेळांचा एक संच काढायचो आणि त्यात पहिल्या पानावर ‘दरबार’ ठेवायचं त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

“मृणाल, तुझा संशय तू तुझ्याकडे ठेव आणि मला सोमवारी हो किंवा नाही ते सांग,” ते म्हणाले. “नाही म्हणालीस तर मी संचात ठेवणार नाही. पण कारण चांगलं हवं.”

मी प्रणिताला फोन लावला. आवाज तरुण होता आणि मागे कोंबड्या ओरडत होत्या.

“संवाद कुणी लिहिले?” मी सरळ मुद्द्यावर आले.

“लिहिलेले नाहीत, मॅडम.”

“म्हणजे कुठून तरी उचलले?”

“नाही हो! राजा बोलतो ते.”

“राजाला बोलायला कोण शिकवतं?”

ती हसली. “त्यांना कोण शिकवणार? मॅडम, दिवाळीच्या संचात घ्याल ना? मी कुडाळातली झेरॉक्सच्या दुकानातली नोकरी सोडून हे केलंय. घरचे म्हणतात, यंदा काही झालं तर पुढचा खेळ कर, नाहीतर गप दुकानात जा.”

मी म्हणाले, बघते. फोन ठेवल्यावर प्रफुल्लला म्हटलं, “ही मुलगी साळसूदपणाचा आव आणतेय. सरळ प्रश्नाला एक सरळ उत्तर दिलं नाही तिने.”

मग मी सापळा लावला. प्रफुल्ल एका खोलीत बसला, मी दुसऱ्या खोलीत, आणि दोघांनी एकाच वेळी खेळायला सुरुवात केली. मी राजाला कायद्याचे बारकावे विचारत होते. मासे कुणाच्या मालकीचे, तळ्याला कुंपण होतं का, पंच कोण होते. राजा आज जरा अडखळत उत्तरं देत होता. आणि एकदम माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली, “मासे राहू देत. आधी त्या बैलाचं सांग. भावाने विकला तेव्हा तू घरी होतास की नव्हतास?”

मी कुठल्याही बैलाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. “प्रफुल्ल!” मी ओरडले. “हा कुठला बैल?”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि प्रफुल्ल दारात येऊन उभा राहिला. “बैल माहा हाये, मॅडम.”

तेव्हा उलगडलं. अमरावतीकडे असलेल्या त्याच्या सख्ख्या भावाने त्याला न विचारता बैल विकला होता आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. मला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. राजाला मात्र सगळं सांगून बसला होता, कारण राजा विचारत होता आणि तो यंत्र आहे असं त्याला वाटत होतं.

“म्हणजे हे कोणीतरी वाचून राह्यलं?” तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

मला भयंकर राग आला. फोन नंबर पळवणारे परवडले, निदान ते लोकांच्या घरातली भांडणं तरी ऐकत बसत नव्हते. कोण होता हा? कशाला गोळा करत होता हे सगळं? शिवाय आणखी एक गोष्ट मला टोचत होती. आम्ही एवढे दिवस खेळत होतो, ऑफिसातल्या सगळ्यांनी नशीब आजमावून पाहिलं होतं, पण कुणाचाही भाऊ सुटला नव्हता. राजा हसायचा, चिडायचा, विरघळायला यायचा आणि ऐन वेळी नवीन फाटा फोडायचा. शेवट नाहीच की काय या खेळाला? मी लेल्यांना सांगितलं, की मी कुडाळला जातेय.

“एवढ्यासाठी?” लेले म्हणाले.

“एवढ्यासाठीच तर ठेवलंय मला.”

प्रणिताला मी मुद्दामच कळवलं नाही. सकाळी कुडाळला उतरले, रिक्षा केली आणि पालवांचं घर विचारत विचारत गेले. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, म्हणजे इथलं खळं, आणि तुळस. एक सावळी, चुणचुणीत मुलगी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी नाव सांगताच ती सूप घेऊनच उभी राहिली.

“मॅडम! आधी कळवलं असतंत तर…”

“तर काय लपवलं असतंत?”

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. माझी नजर तोवर तिच्या मागे गेली होती. पडवीत बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी आणि एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर. पाठ ताठ होती आणि हातात फोन होता. त्यांनी मला पाहून हात जोडले, पण तोंडाने काही बोलले नाहीत.

“माझे सासरे,” प्रणिता म्हणाली.

मी पर्समधून माझा फोन काढला, ‘दरबार’ उघडला आणि लिहिलं, “महाराज, मी दारात उभी आहे.”

बाकड्यावरचा फोन टिंग करून वाजला. म्हाताऱ्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते गडबडतील, फोन लपवतील. त्यातलं काहीच झालं नाही. एका बोटाने शांतपणे त्यांनी काहीतरी लिहिलं आणि माझ्या पडद्यावर अक्षरं आली, “मग आत ये. आमच्या राज्यात पाहुण्याला उन्हात उभं ठेवत नाहीत.”

मी आत गेले. प्रणिताने पाणी आणि गूळ आणून ठेवला. मी गुळाला हात लावला नाही.

“म्हणजे खेळात राजा नाहीच,” मी म्हणाले. “हे आहेत.”

“राजाच आहेत ते, मॅडम,” ती म्हणाली. “दशावतारी नाटकांत यांचा राजपार्ट असायचा, राजाचं काम. गुणाजी पालव म्हटलं की आजूबाजूच्या गावांतली माणसं जत्रेला यायची. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला पण आवाज गेला. मुक्या राजाला कोण उभं करणार?”

“मग हे तुम्ही मला फोनवर का सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! तुम्ही विचारलंत संवाद कुणी लिहिले, मी म्हटलं लिहिलेले नाहीत. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच मॅडम. आख्यान काय ते ठरतं, मग कोण काय बोलणार ते ज्याचं त्याने. पात्र आहे म्हटल्यावर ते करणारं माणूस असणारच ना? मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.”

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मला खोटं बोलणारी माणसं ओळखता येतात, आणि ही खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच वाटत होतं, की खेळ असाच बनवतात. दरबार रंगवायचा, पेटी आणि मृदंग लावायचा आणि सिंहासनावर एक माणूस बसवायचा.

तरीही मी सोडलं नाही. “आमच्या ऑफिसातल्या मुलाने यांना घरातलं भांडण सांगितलं. यंत्र समजून सांगितलं. ही फसवणूक आहे.”

हे ऐकून म्हाताऱ्यांनी लगेच फोन उचलला. पडद्यावर आलं, “तो बैलवाला? त्याचं कुणाला सांगितलेलं नाही. सुनेलाही नाही.”

“पहिल्याच पानावर लिहू,” प्रणिता घाईघाईने म्हणाली. “राजा माणूस आहे, बोलाल ते तो वाचतो, दुपारी झोपतो. लपवायचं काय त्यात? आणि दरबारात एका वेळी एकच माणूस येईल, बाकीचे बाहेर थांबतील. दोघं एकदम आले की यांचा घोळ होतो.”

“ठीक आहे,” मी म्हणाले. “पण आज जर मी नाही म्हटलं, तर ते या कारणाने नाही म्हणणार. मला सांगा, आजपर्यंत किती जण जिंकले?”

“असतील की. गावातली मुलं खेळतात, मुंबईचे नातेवाईक खेळतात…”

“कोण जिंकलं? एक नाव सांगा.”

ती सासऱ्यांकडे वळली. “बाबानू, आजपर्यंत कोणाक सोडलात तुमी?”

म्हातारे तुळशीकडे बघत राहिले.

“एकाकय नाय?” तिचा आवाज बदलला. ती माझ्याकडे वळून सांगायला लागली, पण सांगत होती स्वतःलाच. “यांच्या फोनवर बटण दिलंय मी. ते दाबलं की कोठडी उघडते, भाऊ बाहेर येतो, मृदंग वाजतो. चार महिने त्या चित्रांवर घालवले मी. बाबानू, ता बटण तुमी एकदाय दाबूक नाय? कित्याक पण?”

त्यांनी फोन उचलला. मग बोट चालायला लागलं. उत्तर सुनेसाठी होतं, पण ते पोचलं माझ्या फोनवर, कारण त्यांच्या तोंडून निघालेलं जगात फक्त तेवढ्याच एका ठिकाणी ऐकू येत होतं. प्रणिता माझ्याकडे बघत थांबली होती. मला ते मोठ्याने वाचावं लागलं.

“‘भाऊ सुटला की माणूस निघून जातो. मग पुन्हा दरबारात कशाला येईल?’”

प्रणिता खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे तोंड वळवलं. इतके दिवस मी चोर शोधत होते. हा माणूस लोकांची गुपितं गोळा करत नव्हता, लोकांना घरी जाऊ देत नव्हता एवढंच.

पण नियम चुकीचा नव्हता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. भावाला सोडवायला आलेल्या माणसाला ठाऊकच नाही की दार बाहेरून बंद आहे, तर तो खेळ कसला? दिवाळीत शेकडो लोक येतील, तासन् तास डोकं लावतील आणि शेवटी ओळखतील की आपल्याला नुसतं बसवून ठेवलंय. त्या दिवशी ते राजाला शिव्या घालतील, आणि त्या शिव्या वाचणारा माणूस माझ्या समोर बसला होता.

“शेवट नसलेला खेळ मी घेत नाही,” मी म्हणाले. “कुणासाठीच घेतलेला नाही.”

“मॅडम, ते आता सोडतील. मी सांगते त्यांना. बाबानू, दाबा ता बटण.”

“असं नको,” मी म्हणाले. “तसं जिंकलेलं मी मोजणार नाही. मी भांडेन. मला पटवता आलं तर सोडू देत.”

म्हाताऱ्यांनी मफलर सारखा केला आणि बाकड्यावर नीट बसले. मी समोरच्या खुर्चीत बसले. आमच्यामध्ये हातभर अंतर होतं आणि आम्ही दोघंही फोनमध्ये तोंड घालून होतो.

मी लिहिलं, “महाराज, माझा भाऊ सोडा.”

“त्याने मासे मारले.”

“मासे केव्हाच खाऊन झाले. तुम्ही त्याला माशांसाठी ठेवलेलं नाही.”

“मग कशासाठी?”

“सोबतीसाठी. एकट्याला बसवत नाही म्हणून दुसऱ्याचं माणूस अडकवून ठेवलंय. हा न्याय नाही महाराज. इतकी वर्षं तुम्ही लोकांपुढे राजा म्हणून उभे राहिलात, जत्रेतला एक तरी माणूस तुम्ही दोरीने बांधून बसवला होता का?”

मी मान वर केली नाही, मला भीती वाटत होती. खळ्यात कोंबडी कॉक कॉक करत फिरत होती. मग एकेक अक्षर उमटायला लागलं.

“नाही. आपणहून बसायचे. काही तर झाडावर चढून बसायचे.”

मग दुसरी ओळ आली.

“तोंडावर सांगणारी तू पहिलीच आलीस. कोतवाल, कोठडी उघडा.”

माझ्या फोनमधून मृदंग आणि झांजांचा असा काही आवाज उठला की कोंबडी पळाली. कोठडीचं दार उघडलं, एक हडकुळा, हसरा पोरगा बाहेर आला, राजाच्या पाया पडला आणि माझ्याकडे धावत सुटला. फार सुंदर चित्रं होती. प्रणिता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. स्वतःचंच काम तिने पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. मग पडदा पडला, ‘समाप्त’ अशी पाटी आली आणि लिहायची जागा नाहीशी झाली.

“घेतला,” मी म्हणाले. “पहिल्या पानावरचा मजकूर मी लिहून देते. सोमवारी लेल्यांना हो म्हणून सांगते.”

प्रणिताने माझे दोन्ही हात धरले. मग ती “चहा” असं काहीतरी म्हणत आत धावली आणि आतून तिने कुणाला तरी फोन लावून रडत हसत सांगितलेलं मला ऐकू आलं.

पडवीत आम्ही दोघंच उरलो. म्हाताऱ्यांनी फोन बाकड्यावर पालथा घातला. माझ्याकडे बघून हसले, शाबासकी दिल्यासारखी मान हलवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून अंगणाकडे बघत बसले. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणाले, ऊन फार आहे. त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, तुमचं काम फार छान होतं. त्यांनी पुन्हा मान हलवली. याच्यापुढे त्यांना मला काही सांगायचं असतं तर ते सांगायला आता जागा नव्हती. माझं काम संपलं होतं, रिक्षावाला थांबला होता, पण मला उठवेना.

मी फोन उघडला आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला.

“महाराज, आता माझ्या धाकट्या भावाला पकडलंय.”

पालथा फोन टिंग करून वाजला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मग उचलला, लांब धरून वाचला आणि त्यांचे खांदे गदगदून हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. बोट भराभर चालायला लागलं.

“तुमच्या घरातल्या सगळ्यांवरच आमचा संशय आहे. बस खाली. ह्याने काय चोरलं?”